अमेरिकेची यादवी, ‘पुनर्रचना’ आणि कोलंबिया विद्यापीठातील एक वर्ग

१/
इ. स. १९५८ च्या सुमाराची गोष्ट. न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीच या गावातील एका शाळेत अमेरिकेच्या इतिहासाचा तास चालू होता. १८६७ चा ‘पुनर्रचना कायदा’ हा अमेरिकेने केलेला सर्वांत वाईट कायदा होय, असे बाईंनी सांगितले. पंधरा वर्षांच्या एका मुलाने हरकत घेतली. बाई म्हणाल्या, मग उद्याचा तास तूच घे.

मुलाचे वडील इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांच्या मदतीने तयारी करून मुलाने दुसऱ्या दिवशी तास घेतला. तास संपल्यावर बाईंनी वर्गाला विचारले, दोन्ही बाजू ऐकल्यात, आता मत द्या, बरोबर कोण? मुलगा सपशेल हरला. त्याच्या बाजूने एकाच मित्राचा हात वर झाला.

२/
तो मुलगा म्हणजे एरिक फोनर. पुढे ते कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि पुनर्रचनेच्या काळाचे सर्वमान्य इतिहासकार ठरले. वरील हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आता प्रश्न असा की, गुलामगिरी कधीच संपलेल्या उत्तरेकडील राज्यात, युद्धानंतर नव्वद वर्षांनी, शाळेतल्या बाई असे का शिकवत होत्या? त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण पुन्हा कोलंबिया विद्यापीठातच येऊन पोहोचतो. आणि बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली मुंबईहून निघालेला एक तरुण तिथेच आपल्याला भेटतो. हा धागा त्या विद्यापीठाचा, तिथल्या एका वर्गाचा आणि त्या वर्गाने जे वगळले त्याचा आहे.

३/
आधी पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले. मृतांचा आकडा पूर्वी सुमारे ६,२०,००० सांगितला जाई. जनगणनेच्या आधारे झालेल्या अलीकडच्या अभ्यासांनी तो सात लाखांच्या घरात किंवा त्याहूनही वर नेला आहे. बंडखोर दक्षिण हरली आणि जवळपास चाळीस लाख गुलाम मुक्त झाले.

तोफा थांबल्या आणि खरे अवघड प्रश्न पुढे आले. कालपर्यंत ‘मालमत्ता’ म्हणून नोंदलेली माणसे आज कोण? त्यांना जमीन मिळणार का? मत मिळणार का? हरलेल्या राज्यांना पुन्हा संघराज्यात कोणत्या अटींवर घ्यायचे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याच्या काळाला ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजेच पुनर्रचना म्हणतात. सर्वसाधारणपणे १८६५ ते १८७७ असा तो काळ धरला जातो.

४/
पहिली दोन वर्षे हरलेल्यांनीच जिंकली, असे म्हणावे लागेल. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी दक्षिणेच्या जुन्या पुढाऱ्यांना भराभर माफी दिली. सेनापती शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने किनारपट्टीवरील जी जमीन मुक्त गुलामांना कसायला मिळाली होती, तीही बहुतांशी मूळ मालकांकडे परत गेली.

मिसिसिपी, साउथ कॅरोलायना अशा राज्यांनी ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे केले. मुक्त माणसाने कामाचा वार्षिक करार करावा, न केल्यास तो भटक्या ठरेल, दंड होईल, आणि दंड भरता न आल्यास त्याचे श्रम भाड्याने दिले जातील, असा त्यांचा आशय. गुलामगिरी कायद्याने संपली होती. तिची बरीचशी कामे नवे कायदे करू लागले.

५/
यावर अमेरिकी काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार मोडून काढला. ९ एप्रिल १८६६ चा नागरी हक्क कायदा झाला. जन्माने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ मध्ये अमलात आली. वर्णामुळे मताधिकार नाकारता येणार नाही असे सांगणारी पंधरावी दुरुस्ती १८७० मध्ये आली.

या दोन्ही दुरुस्त्या अमलात येण्याआधी मार्च १८६७ चा पुनर्रचना कायदा झाला. दहा राज्ये पाच लष्करी विभागांत वाटली गेली. नवी राज्यघटना लिहायची, आणि ती लिहिणारे प्रतिनिधी कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतांसह निवडायचे, अशी अट त्यात होती. लाँग बीचच्या वर्गात ‘सर्वांत वाईट’ ठरलेला कायदा तो हाच.

६/
त्यातून काय घडले, हे एका माणसाच्या चरित्रावरून पाहू. रॉबर्ट स्मॉल्स हा साउथ कॅरोलायनातील गुलाम. मे १८६२ मध्ये ‘प्लँटर’ नावाची बंडखोरांची बोट त्याने अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना चार्ल्सटन बंदरातून बाहेर काढली, किल्ल्यांना योग्य ते इशारे देत त्यांच्या तोफांखालून नेली आणि कुटुंबासह उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली.

तोच स्मॉल्स १८६८ मध्ये आपल्या राज्याची घटना लिहिणाऱ्या परिषदेत प्रतिनिधी होता. सर्व मुलांसाठी सार्वजनिक शाळा असाव्यात, ही तरतूद त्या घटनेत आली. ज्या राज्यात गुलामाला अक्षर शिकवणे गुन्हा होता, त्या राज्यात ही तरतूद करणाऱ्यांमध्ये कालचे गुलाम होते. पुढे स्मॉल्स अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेला.

७/
तो एकटा नव्हता. या काळात सुमारे दोन हजार कृष्णवर्णीयांनी लहानमोठी सार्वजनिक पदे सांभाळली. त्यांत न्यायदान करणारे होते, शाळा-मंडळांचे सभासद होते, आमदार होते. अमेरिकी काँग्रेसमध्ये सोळा जण पोहोचले. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सेनेटचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले.

जॉन रॉय लिंच हे नाव विशेष लक्षात ठेवा. १८४७ मध्ये गुलामीत जन्म. पंचविशीच्या आतच मिसिसिपीच्या विधानसभेचे सभापती आणि १८७३ पासून अमेरिकी काँग्रेसचे सभासद. या धाग्यात ते पुन्हा येणार आहेत.

८/
मग हे सारे टिकले का नाही? मुख्य कारण संघटित हिंसा. कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्या रात्री घरांवर चालून जात. मतदार, शिक्षक, स्थानिक पुढारी ही त्यांची ठरलेली लक्ष्ये. काँग्रेसने १८७१ मध्ये चौकशी समिती नेमली. गावोगावच्या पीडितांनी समितीपुढे शपथेवर साक्षी दिल्या. तो अहवाल १८७२ मध्ये तेरा खंडांत छापला गेला. हे तेरा खंडही लक्षात ठेवा.

१३ एप्रिल १८७३ रोजी लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला केला. शरण आलेल्यांनाही ठार केले. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. खटला झाला, पण १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्द ठरवली.

९/
येथे क्षणभर पुण्याकडे वळू. त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटल्याबद्दल जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा व्यक्त केली.

जोतीरावांना दिसलेले उदाहरण खरे होते. स्मॉल्स आणि लिंच तेव्हा प्रत्यक्ष अधिकारपदांवर होते. फक्त त्या उदाहरणाच्या मुळावर घाव घालणारेही त्याच वर्षी कोलफॅक्समध्ये कामाला लागले होते.

१०/
१८७६ ची अध्यक्षीय निवडणूक वादात सापडली. १८७७ मध्ये तडजोड झाली, हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतील उरलेल्या सरकारांच्या पाठीशी असलेले संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले. पुढची वाटचाल उतरणीचीच. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतदार-कर आणि साक्षरतेच्या चाचण्या आणल्या. इतर राज्यांनी तोच मार्ग धरला.

लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ पर्यंत ती संख्या सुमारे १,३०० वर आली. शंभरातला एक उरला. साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या परिषदेत याविरुद्ध बोलणाऱ्या मोजक्या प्रतिनिधींत म्हातारपणाकडे झुकलेला रॉबर्ट स्मॉल्स होता.

११/
आता विद्यापीठाकडे येऊ. लाखो नागरिकांचे मत काढून घेतले, तर ‘हे असेच व्हायला हवे होते’ असे सांगणारा इतिहासही लागतो. तो दक्षिणेतील जमीनदारांच्या बैठकीत लिहिला गेला असता, तर त्याला कोणी फारसे मोजले नसते. तो न्यूयॉर्कमध्ये, देशातील अग्रगण्य विद्यापीठात, शास्त्रशुद्ध पद्धतीने लिहिला गेला.

जर्मनीत शिकून आलेल्या जॉन बर्जेस यांनी १८८० मध्ये कोलंबियात राज्यशास्त्र विद्याशाखा स्थापन केली. व्याख्याने पाठ करण्याऐवजी मूळ साधने घेऊन चर्चासत्रात बसायचे, ही जर्मन पद्धत तेथे रुजली. त्यांचे शिष्य विल्यम आर्चिबाल्ड डनिंग पुढे तेथेच प्राध्यापक झाले. यादवी युद्ध आणि पुनर्रचना या विषयावरील डनिंग यांचे चर्चासत्र सर्वत्र गाजले.

१२/
या वर्गाची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. दक्षिणेतील तरुण शिकायला उत्तरेत येत. डनिंग एकेकाला एकेक राज्य देत. विद्यार्थी त्या राज्यात परत जाऊन सरकारी दप्तरे, वृत्तपत्रे, खासगी पत्रव्यवहार धुंडाळी आणि प्रबंध लिही. गार्नर यांचा मिसिसिपीवरील ग्रंथ १९०१ चा, फ्लेमिंग यांचा अलाबामावरील १९०५ चा, रॅम्सडेल यांचा टेक्सासवरील १९१० चा, मिल्ड्रेड टॉम्प्सन यांचा जॉर्जियावरील १९१५ चा. डनिंग यांचा स्वतःचा संकलित ग्रंथ १९०७ मध्ये आला.

आपल्याकडे राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद काढा, हा आग्रह दोन्हीकडे साधारण एकाच काळातला. म्हणूनच डनिंग यांच्या वर्गाचे काय चुकले, हे मराठी वाचकाने नीट समजून घ्यावे.

१३/
या प्रबंधांतून निघालेली कथा थोडक्यात अशी: मुक्त झालेले गुलाम मताधिकाराला अपात्र होते. त्यांना मत देणे हा सूडबुद्धीचा वेडेपणा होता. उत्तरेतून पिशव्या खांद्याला लावून आलेले संधिसाधू, म्हणजे ‘कार्पेटबॅगर’, आणि त्यांना सामील झालेले स्थानिक गोरे यांनी अडाण्यांच्या मतांवर लूट माजवली. शेवटी दक्षिणेच्या गोऱ्यांनी आपली राज्ये ‘सोडवली’.

सर्वांचा सूर सारखा नव्हता. टॉम्प्सन यांचे लेखन फ्लेमिंग यांच्याहून बरेच संयत आहे. भ्रष्टाचाराच्या नोंदीही साऱ्याच खोट्या नव्हत्या. तो काळ न्यूयॉर्क शहरातही भ्रष्टाचाराचाच होता. पण ‘कृष्णवर्णीय राज्य करण्यास जन्मतः असमर्थ’ हे गृहीतक कागद उघडण्याआधीच ठरलेले होते. कागद त्याच्या समर्थनार्थ वेचले गेले.

१४/
पुरावा नव्हता म्हणून असे झाले का? मुळीच नाही. १८७२ चे ते तेरा खंड छापून ग्रंथालयांत उभे होते. पण त्यांतील मुक्त गुलामांची साक्ष विश्वासार्ह मानायची नाही, असा या वर्गाचा कल. तीच गोष्ट घडवणाऱ्या माणसांची. जॉन लिंच हयात होते. १९१३ मध्ये त्यांनी पुनर्रचनेतील वस्तुस्थिती सांगणारे पुस्तक स्वतः लिहून प्रसिद्ध केले. विधानसभेचा सभापतीच साक्षीला उभा होता, तरी विद्यापीठीय इतिहासाने त्याला बाजूला ठेवले.

अस्सल कागद असणे पुरेसे नसते, ते येथे दिसते. दप्तर बहुधा सत्ताधाऱ्याच्या घरी असते. दुसऱ्या बाजूचा कागद निघाला तरी तो कागद म्हणून मोजायचा की नाही, हे पुन्हा अभ्यासकच ठरवतो.

१५/
याचे परिणाम ग्रंथालयापुरते राहिले नाहीत. फेब्रुवारी १९१५ मध्ये ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट झळकला. क्लॅनचे स्वार त्यात तारणहार म्हणून येतात. इतिहासाचे प्राध्यापक राहिलेले राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या ग्रंथातील वाक्ये पडद्यावर आधारासाठी दाखवली गेली. चित्रपट व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जियात क्लॅनची पुन्हा स्थापना झाली.

रॉबर्ट स्मॉल्स वारला तोही फेब्रुवारी १९१५ मध्येच.

कोलफॅक्सला १९५० च्या सुमारास सरकारी फलक उभा राहिला. त्यावर हत्याकांडाला ‘दंगल’ म्हटले होते आणि त्याने दक्षिणेतील कार्पेटबॅगरांच्या अनागोंदीचा शेवट झाला, असा गौरव होता. हा फलक २०२१ पर्यंत तिथे होता.

१६/
विरोध करणारा आवाज नव्हता असे नाही. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हार्वर्डमध्ये आणि बर्लिन विद्यापीठात शिकलेले. म्हणजे कोलंबियाच्या चर्चासत्राने जी जर्मन पद्धत उचलली, तिचे शिक्षण त्यांनी उगमापाशी घेतलेले. डिसेंबर १९०९ मध्ये अमेरिकी इतिहास परिषदेत त्यांनी पुनर्रचनेच्या लाभांवर निबंध वाचला. सार्वजनिक शिक्षण, लोकशाही सरकार आणि नवे सामाजिक कायदे या तीन गोष्टी दक्षिणेला त्या काळाने दिल्या, असा त्यांचा मुद्दा होता. डनिंग यांनी निबंधाबद्दल चार चांगले शब्दही काढले. इतिहासलेखन मात्र तसूभर हलले नाही.

निबंध १९१० मध्ये परिषदेच्या नियतकालिकात आला. ‘नीग्रो’ शब्दाचे आद्याक्षर मोठे छापावे, एवढी विनंती ड्यू बॉइस यांनी केली होती. संपादकांनी ती नाकारली.

१७/
१९३५ मध्ये ड्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला. गुलाम मळे सोडून निघाले, तेव्हा तो एक सार्वत्रिक संपच होता आणि युद्धाचा निकाल लावण्यात त्याचा मोठा वाटा होता, ही त्यातील मांडणी तेव्हा धाडसी वाटली. शेवटच्या प्रकरणात त्यांनी इतिहासाच्या नावाखाली चाललेल्या प्रचाराचा हिशेब मांडला आणि संदर्भसूचीत डनिंग यांच्या शिष्यांचे ग्रंथ सरळ ‘कृष्णवर्णीयविरोधी’ अशा वर्गात घातले.

दक्षिणेतील दफ्तरखान्यांची दारे त्यांच्यासाठी गोऱ्या संशोधकांसारखी खुली नव्हती. त्यामुळे छापील अहवाल आणि इतरांचे ग्रंथ उलट तपासून त्यांनी काम केले. इतिहास परिषदेच्या नियतकालिकाने या ग्रंथाचे परीक्षण छापले नाही.

१८/
आता तो बडोद्याचा शिष्यवृत्तीधारक. जुलै १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले आणि बर्जेस यांनी स्थापलेल्या त्याच राज्यशास्त्र विद्याशाखेत विद्यार्थी झाले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असे कितीतरी विषय त्यांनी घेतले. १९१५ मध्ये एम. ए., ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा सुप्रसिद्ध निबंध, आणि त्यानंतर लंडन.

त्या तीन वर्षांत डनिंग त्याच विद्याशाखेत शिकवत होते. लिंच यांचे पुस्तक नुकतेच बाहेर आले होते. शहरात तो मूकपट गर्दी खेचत होता. विद्यापीठाची टेकडी उतरले की खाली हार्लेम. ‘मुक्त केलेल्या माणसांना हक्क देणे ही चूक होती’ हे त्या काळचे प्रतिष्ठित मत होते. अस्पृश्य समाजातून आलेल्या विद्यार्थ्याच्या अवतीभवती ते मत होते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

१९/
१९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. अल्पसंख्याकांच्या उपसमितीपुढे डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. समान हक्कांचा उपभोग नाकारणाऱ्याला शिक्षा व्हावी, असे कलम त्यात आहे. त्याला आधार म्हणून दिलेले कायदे कोणते? अमेरिकेचे ९ एप्रिल १८६६ आणि १ मार्च १८७५ चे नागरी हक्क कायदे. मुक्तीनंतर नीग्रोंच्या हितासाठी केलेले, असा त्यांचा स्पष्ट उल्लेखही आहे.

म्हणजे कोलंबियातील प्रतिष्ठित इतिहासकार ज्या काळाला चूक ठरवत होते, त्याच काळाचे कायदे कोलंबियाच्या या विद्यार्थ्याने अनुकरणीय दाखला म्हणून ब्रिटिश सरकारपुढे ठेवले. त्यांनी कथा बाजूला ठेवली आणि मूळ कायदा वाचला.

२०/
दोन्ही मसुदे शेजारी ठेवून पाहा. १८७५ च्या अमेरिकी कायद्यात खाणावळी-धर्मशाळा, सार्वजनिक वाहने आणि नाट्यगृहे आहेत. १९३० च्या योजनेत हे सारे आहेच, शिवाय रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी आणि पाणवठे आहेत. तीनच वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. अमेरिकी कायद्यात पाण्याचा शब्द नव्हता. तो महाडहून आला.

आणखी एक गोष्ट. १८७५ चा कायदा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये रद्द केला. चौदावी दुरुस्ती राज्यसंस्थेला बांधते, खाणावळीच्या खासगी मालकाला नाही, असे कारण दिले. भारतीय संविधानाचा अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावे घेऊन बोलतो आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यतेचे आचरण कोणत्याही रूपात निषिद्ध करतो. ही बंधने खासगी व्यक्तीवरही आहेत. अमेरिकेत जी फट राहिली, ती येथे कागदावर तरी बुजवलेली दिसते.

२१/
जुलै १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण नीग्रो प्रश्नाचे अभ्यासक असून त्यांचे लेखन वाचत आलो आहोत, अमेरिकेतील नीग्रो आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीत इतके साम्य आहे की हा अभ्यास स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक आहे, असा त्याचा आशय. अमेरिकी नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर निघाले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. अमेरिकेत १८७७ नंतर काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या इशाऱ्याचे वजन अधिक जाणवते.

२२/
मग चित्र बदलले केव्हा? रस्त्यावर बदलले तेव्हा. नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर जॉन होप फ्रँकलिन (१९६१) आणि केनेथ स्टॅम्प (१९६५) यांचे ग्रंथ आले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने पंधराव्या दुरुस्तीतील वचन पंचाण्णव वर्षांनी अमलात येऊ लागले.

एरिक फोनर १९७८ मध्ये एका सत्रासाठी साउथ कॅरोलायनात शिकवायला गेले. तेथील दफ्तरखान्यात पुनर्रचनाकालीन गव्हर्नरांना आलेल्या पत्रांच्या शंभराहून अधिक पेट्या त्यांनी उघडल्या. सामान्य गोऱ्या-काळ्या माणसांची ती पत्रे होती: मजुरी बुडवली, शाळा जाळली, मत द्यायला गेलो म्हणून मारले. ती दक्षिणेच्याच दफ्तरात, डनिंग यांच्या शिष्यांच्या हाताच्या अंतरावर पडून होती. फोनर यांचा ‘रिकन्स्ट्रक्शन’ हा ग्रंथ १९८८ मध्ये आला, आणि तेव्हा ते कोलंबियातच प्राध्यापक होते.

२३/
आज हा अभ्यासक्रम घरी बसून पाहता येतो. येल विद्यापीठातील डेव्हिड ब्लाइट यांची यादवी युद्ध आणि पुनर्रचनेवरील सत्तावीस व्याख्याने २००८ मध्ये चित्रित झाली आणि विनामूल्य खुली केली गेली. फोनर यांचा वर्गही कोलंबियाने २०१४ पासून तीन भागांत ऑनलाइन आणला. त्याच्या तिसऱ्या भागाचे नाव ‘अपूर्ण क्रांती’ असे आहे.

तुमच्यापैकी अनेक जण असे अभ्यासक्रम घेतात. काही जण पुढे परदेशी शिकायलाही जातील. त्यांना एवढेच सुचवायचे आहे: विद्यापीठाच्या नावावर निश्चिंत होऊ नका. १९१० मध्ये या विषयाचा जगातील सर्वोत्तम वर्ग जिथे मानला जाई, तिथेच सर्वांत टिकाऊ चूक तयार झाली. आठवड्याच्या वाचनयादीत हरलेल्याची, मारल्या गेलेल्याची, अर्ज करणाऱ्याची साक्ष आहे का, ते पाहा. नसेल तर ती कुठल्या तरी दप्तरात असतेच. शिक्षकांना ती विचारा.

२४/
आणि हे केवळ अमेरिकेपुरते नाही. युद्धोत्तर समाजात शाळा कोणासाठी, जमीन कोणाची, मत कोणाला, हे प्रश्न आधी कायद्यात सुटतात आणि मग वर्गात पुन्हा उघडतात. लुइझियानातील त्या सव्वा लाखांहून अधिक मतदारांची नावे यादीतून गेली १९०४ पर्यंत. ती जाणे योग्यच होते, असे मुलांना पुढची पन्नास-साठ वर्षे शिकवले गेले. म्हणून लाँग बीचच्या त्या वर्गात एक वगळता एकही हात वर झाला नाही. त्या मुलांचा दोष तो किती?

या धाग्यातून एकच काम घेऊन जा. अमेरिकेची चौदावी घटनादुरुस्ती आणि आपल्या संविधानाचे अनुच्छेद १४ ते १७ एकापुढे एक ठेवून वाचा. अर्धा तास लागेल. काय सारखे आहे आणि काय आपण जास्तीचे लिहिले आहे, ते खाली जरूर कळवा. (समाप्त)